काट्यावर ११३ किलोमीटर

गोव्यात मिरामारला शर्यतीची अंतिम रेषा ओलांडली, गळ्यात पदक पडलं आणि पहिला फोन आप्पांना लावला. पलीकडून एकच प्रश्न आला, "कितवा आलास रं?"

प्रश्न रास्त होता. आप्पा आता ऐंशीचे आहेत. तरुणपणी तालमीच्या लाल मातीत घाम गाळलेला माणूस, नंतर जन्मभर शेती. त्यांच्या जगात मैदानातून परतणाऱ्याला आधी निकालच विचारतात. माझा क्रमांक शेकड्यांत होता. तो मी सांगितला. "बरं. जपून ये," ते म्हणाले.

फोन ठेवला आणि जाणवलं की त्या एका आकड्यात दिवसभरातलं काहीच आलं नाही. समुद्र आला नाही, ऊन आलं नाही, पाय आले नाहीत. म्हणून पुढच्या रविवारी कागलजवळच्या आमच्या गावी गेलो आणि आप्पांच्या ऊसबिलाच्या वहीत एक कोरं पान काढून शर्यतीचा हिशेब मांडायला बसलो. वॉट आणि किलोज्यूल त्यांच्या रोजच्या बोलण्यातले नाहीत. पण टन, टँकर, एकर आणि भाकरी या मापांत त्यांचा अंदाज सहसा चुकत नाही. मग ठरवलं, प्रत्येक आकडा त्यांच्या मापात बसवायचा.

माझं वय ४४, वजन ७० किलो. वेळ, ठोके आणि पावलांचा ताल मनगटावरच्या घड्याळातून घेतला. बाकी आकडे शरीरशास्त्रातल्या नेहमीच्या सरासरींवरून काढले. दशांश इकडेतिकडे होतील, पण आकड्यांचा आवाका तोच राहील.

तीन खेळ, एक घड्याळ

ट्रायथलॉन म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. मध्ये घड्याळ थांबत नाही. ओल्या अंगाने सायकलचे बूट चढवतानाही ते चालूच असतं. अंतरांच्या चार पायऱ्या आहेत. सगळ्यांत छोट्या, स्प्रिंट शर्यतीत ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. ऑलिम्पिकमध्ये, म्हणजे २००० च्या सिडनीपासून, याच्या दुप्पट. तिसरी पायरी १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची, बेरीज ११३. आणि शेवटची त्याच्या दुप्पट, २२६ किलोमीटरची, जिला जग आयर्नमॅन म्हणतं. गोव्यात २०१९ पासून होते ती तिसरी पायरी.

आजच्या स्वरूपातल्या ट्रायथलॉनची पहिली शर्यत २५ सप्टेंबर १९७४ ला कॅलिफोर्नियात सॅन दिएगोच्या मिशन बे इथे झाली. स्पर्धक होते ४६. चार वर्षांनी हवाईमध्ये नौदलातला अधिकारी जॉन कॉलिन्स आणि त्याची पत्नी ज्युडी यांनी तिथल्या तीन वेगवेगळ्या शर्यती एका दिवसात गुंफल्या. धावणारा तगडा, पोहणारा तगडा की सायकलवाला, हा वाद त्यांना मिटवायचा होता. १८ फेब्रुवारी १९७८ ला १५ जण पाण्यात उतरले, १२ जणांनी शर्यत पुरी केली. पहिला आलेला गॉर्डन हॅलर ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत पोहोचला. ज्याच्या डोक्यातून ही कल्पना निघाली त्या कॉलिन्सला सुमारे १७ तास लागले. म्हणजे हा खेळ ज्याने मांडला, तोच विजेत्याच्या पाच तास मागे होता. हौशी माणसाची जागा या खेळात पहिल्या दिवसापासून आहे.

मला ११३ किलोमीटरला साडेसात तास लागले: पोहायला ५० मिनिटं, सायकलला ३ तास ३६ मिनिटं, धावायला २ तास ५० मिनिटं आणि कपडे-बूट बदलायला १४ मिनिटं. गोव्यातली पहिली शर्यत, २०१९ ची, निहाल बेग या भारतीय खेळाडूने ४ तास ४७ मिनिटांत जिंकली होती. म्हणून पानावर दोन रकाने पाडले. एकात मी, दुसऱ्यात पावणेपाच तासांत शर्यत संपवणारा कोणीही कसलेला खेळाडू. त्याला फक्त "पुढचा" म्हटलं.

वीस टँकर

मला पोहायला आप्पांनीच शिकवलं, गावच्या विहिरीत, पाठीला वाळलेला भोपळा बांधून. विहिरीत चार हात मारले की कठडा येतो. मिरामारला कठडा नसतो. मांडवी जिथे अरबी समुद्राला मिळते तिथलं ते पाणी, समोर फक्त तरंगते बोये आणि आजूबाजूला शेकडो हातपाय. तरंगायला मदत करणारा रबरी सूट गोव्यात चालत नाही. पाणी साडेचोवीस अंशांहून गरम असलं की नियमाने तो घालता येत नाही, आणि आपला समुद्र त्याच्या बराच वर असतो. अशा पाण्यात सूट घातला तर अंगातली उष्णता आतच कोंडते.

१,९०० मीटरचं अंतर मी २,०५० मीटर पोहलो, कारण लाटांतून बोया दिसत नाही आणि माणूस नागमोडी जातो. माझ्या एका हातात साधारण ९० सेंटीमीटर पाणी मागे पडतं. म्हणजे सुमारे २,२८० हात. पुढचा सरळ जातो आणि एका हातात ११० सेंटीमीटर कापतो. त्याचे हात १,७३० भरतात. एवढ्याशा अंतरात माझे साडेपाचशे हात जास्त झाले.

पाणी हवेच्या ८०० पटींहून अधिक दाट असतं. आडवा झालेला माणूस समोरून पाहिला तर साधारण एक दशांश चौरस मीटर, म्हणजे फूटभर लांबीरुंदीच्या फरशीएवढी जागा अडवतो. तेवढ्या तोंडाचा बोगदा २,०५० मीटर लांब पाडायचा तर २ लाख ५ हजार लिटर पाणी बाजूला सारावं लागतं.

"म्हंजे किती टँकर?" आप्पांनी विचारलं.

१० हजार लिटरचा टँकर धरला तर वीस. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणारी गावं आप्पांनी पाहिली आहेत. वीस टँकर म्हणजे काय हे त्यांना सांगावं लागलं नाही. ते पान सरकवून त्यांनी स्वतः आकडा वाचला.

पाण्याचा आणखी एक कायदा आहे. वेग दुप्पट करायचा तर ताकद आठपट लागते. म्हणून पोहण्यात जोर लावून फार हाती लागत नाही, अंग सरळ ठेवून लागतं. पाय खाली बुडाले की तो फूटभराचा चौकोन दीड फुटाचा होतो आणि टँकर वाढत जातात. सहा महिने मी फक्त पाय वर ठेवायला शिकत होतो, असं म्हटलं तरी चालेल.

दोन नाण्यांवर नव्वद किलोमीटर

शर्यतीच्या सायकलचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. ९० किलोमीटरला प्रत्येक चाकाच्या जवळजवळ ४३,००० फेऱ्या होतात. मिनिटाला ८० च्या तालाने आणि उतारावरची विश्रांती वजा जाता मी १६,००० वेळा पेडल फिरवलं. पाय दोन, त्यामुळे रेटे ३२,०००. पुढचा जड गिअरवर फिरवतो आणि एक तास आधी उतरतो. त्याचं पेडल १३,६०० वेळा फिरतं, रेटे २७,२००.

सायकलवर माणसाला अडवते ती मुख्यतः हवा. सपाट रस्त्यावर निम्म्याहून जास्त ताकद तिलाच बाजूला सारण्यात जाते. हवेला वजन नसतं असं वाटतं, पण एक घनमीटर हवा समुद्रकाठच्या उष्म्यात सव्वा किलोच्या थोडी आत भरते. वाकून बसलेला सायकलस्वार समोरून ०.४५ चौरस मीटर दिसतो. ९० किलोमीटर लांबीच्या त्या बोगद्यात ४०,५०० घनमीटर हवा असते, आणि तिचं वजन ४६ टन होतं. हत्ती चार टनांचा धरला तर अकरा हत्ती. गाव सोडून गावाला जाताना रोज अंगावर येणारा वारा असा काट्यावर ठेवला की तो वेगळाच दिसतो.

आणि हे सगळं कशावर तोललेलं असतं? टायरमध्ये १०० पौंडांची हवा भरली आणि सायकलसह ८० किलो वजन वर ठेवलं, तर दोन्ही चाकं मिळून रस्त्याला टेकणारी जागा जेमतेम साडेअकरा चौरस सेंटीमीटर भरते. दहा रुपयांची दोन नाणी शेजारी ठेवा, तेवढी. साडेतीन तास मी त्या दोन नाण्यांवर बसलो होतो. म्हणूनच रस्त्यावरची चिमूटभर खडी पाहिली तरी सायकलस्वाराचा श्वास अडकतो.

एक्केचाळीस वर्षांचा ऊस

सायकलवरून उतरून पहिला किलोमीटर धावताना पाय स्वतःचे वाटत नाहीत. साडेतीन तास गोल फिरलेल्या पायांना अचानक सरळ पडायला सांगितलेलं असतं. यासाठी सायकल आणि धावणं पाठोपाठ करायचा सराव असतो; त्याला खेळाडू ब्रिक म्हणतात. तो कितीही केला तरी दुपारच्या उन्हात पहिली पाच मिनिटं अवघडच जातात.

माझा ताल मिनिटाला १५५ पावलांचा होता. १७० मिनिटांत २६,३५० पावलं पडली, प्रत्येक साधारण ८० सेंटीमीटरचं. पुढचा ९५ मिनिटांत संपवतो, सव्वा मीटरच्या पावलांनी. त्याची पावलं भरतात सुमारे १६,६००. इथे फरक जवळजवळ दहा हजारांचा पडतो.

धावताना प्रत्येक पावलात अंग जरासं वर उचललं जातं. आठ सेंटीमीटर धरा. २६,३५० वेळा आठ सेंटीमीटर म्हणजे २,१०८ मीटर. महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच. गोव्यातल्या सपाट रस्त्यावर, समुद्राच्या पातळीला राहून, माझ्या पायांनी मला कळसूबाईच्या उंचीएवढं उचललं आणि वर आणखी साडेचारशे मीटर. पुढच्याच्या पायांनी त्याला १,३२८ मीटरच उचललं. तो शिखराच्या खालीच राहिला.

उचललेलं अंग खालीही येतं. सावकाश धावतानाही पाऊल जमिनीला टेकतं तेव्हा पायावर वजनाच्या साधारण दुप्पट भार पडतो. माझ्यासाठी तो १४० किलो. एका पावलाचा हा भार कोणी मोजत नाही, कारण तो पाव सेकंदात निघून जातो. टाचेमागची शीर स्प्रिंगसारखी ताणली जाते आणि त्यातला मोठा भाग पुढच्या पावलाला परत देते. पण आप्पांची वही समोर होती, तर बेरीज केली: २६,३५० गुणिले १४० किलो. सुमारे ३,६९० टन.

आप्पांनी चष्मा लावला. दोन ट्रेलरचा ट्रॅक्टर वीस टन ऊस नेतो. ३,६९० टनांना १८५ खेपा लागतील. मग मी वहीची मागची पानं उलटली. आमचं रान दोन एकर. चांगल्या सालाला एकरी ४५ टन पडतो, म्हणजे वर्षाला ९० टन. ३,६९० भागिले ९०.

एक्केचाळीस.

आप्पांनी त्या दोन एकरांत एक्केचाळीस वर्षं पिकवून, तोडून, काट्यावर घातलेला सगळा ऊस माझ्या दोन पायांनी २ तास ५० मिनिटांत झेलला होता, २६,३५० हप्त्यांत. आप्पा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी माझ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "दुखतंय का?"

वीस भाकरी, एक बंब

माझं हृदय सरासरी मिनिटाला १४५ च्या गतीने साडेसात तास चाललं. ठोके झाले ६५,२५०. एरवी ते दिवस-रात्र मिळून लाखभर ठोके देतं. म्हणजे सकाळ-दुपारमध्येच जवळजवळ दोन तृतीयांश दिवसाचं काम संपलं. एका ठोक्याला १०० मिलिलिटर धरलं तर त्याने साडेसहा हजार लिटर रक्त ढकललं. अंगात रक्त पाचच लिटर. तेच तेच तेराशे वेळा फिरून आलं. पुढच्याचं हृदय मिनिटाला १६० ने धडधडतं, पण २८५ मिनिटांत सुटतं. त्याचे ठोके ४५,६००.

इंधनाचा हिशेब असा. ७० किलोच्या माणसाला या शर्यतीला साधारण ४,००० कॅलरी लागतात. ६० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी २०० कॅलरीची धरली तर वीस भाकरी. पण शर्यतीत वीस भाकरी पोटात जात नाहीत. स्नायूंत आणि यकृतात साठलेली साखर भरल्या पोटी २,००० कॅलरींच्या आसपास असते, म्हणजे अर्ध्या रस्त्याची. वाटेत आतडी तासाला ६० ग्रॅमच्या आसपास साखर शोषतात. सरावलेलं पोट नव्वदपर्यंत जातं. उरलेलं चरबीतून यावं लागतं. चरबीत लाखभर कॅलरी पडून असतात, पण ती सावकाश जळते, ओल्या लाकडासारखी. म्हणून हौशी माणसाची खरी कला वेग आवरण्यात असते. पहिल्या तासात साखर उधळली की शेवटच्या तासात पाय ऐकत नाहीत.

या ४,००० कॅलरींतला जेमतेम चौथा हिस्सा पुढे जाण्यात खर्च होतो. बाकी ३,००० नुसती उष्णता. आमच्या न्हाणीघरात तांब्याचा बंब आहे. ४० लिटर पाणी साध्या तापमानापासून उकळीपर्यंत आणायला एवढीच उष्णता लागते. ती अंगातच राहिली असती तर शरीर ५० अंशांहून जास्त तापलं असतं. माणूस चार-पाच अंशांतच कोसळतो. मधे उभा असतो तो फक्त घाम. एक लिटर घाम वाळताना जवळजवळ ५८० कॅलरी घेऊन जातो. पण वाळला तरच. गोव्याच्या दमट हवेत तो वाळत नाही, टपकतो, आणि टपकलेला घाम काहीच गार करत नाही. म्हणून डोक्यावर पाणी ओतायचं, टोपीत बर्फ ठेवायचा.

मला तासाला लिटरभर घाम आला असं धरलं तर सायकल आणि धावणं मिळून सहा लिटरांच्या वर. लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. सहा लिटरांत १५ ग्रॅम मिठाएवढं, म्हणजे तीन चमचे. नुसतं पाणी पीत राहिलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं, आणि ते तहानेपेक्षाही घातक ठरू शकतं. हे ऐकून आई आतून म्हणाली, "म्हणूनच उसाच्या तोडीला जाताना मी ताकात मीठ घालून देत होते." शास्त्र तेच आहे.

माझ्यापेक्षा जड

आता पानावरचा सगळ्यांत मोठा आकडा. भाकरी ही मोठी नोट आहे. स्नायूला सुटे पैसे लागतात. शरीरातले सुटे पैसे म्हणजे एटीपी नावाचा रेणू. स्नायूचा प्रत्येक आखडता धागा एटीपी मोडतो, आणि मोडलेला रेणू पुन्हा जोडून घेतला जातो. अंगात एका वेळी एटीपी १०० ग्रॅमच्या आसपासच असतं. काही सेकंदांत संपेल एवढंच.

४,००० कॅलरी जाळायला ८०० लिटरांच्या वर प्राणवायू लागतो. त्यावर किती एटीपी जोडलं जातं याचा हिशेब केला तर उत्तर येतं ९० किलोच्या वर. माझं वजन ७०. साडेसात तासांत मी स्वतःपेक्षा जड एटीपी बनवलं आणि खर्च केलं. तेच १०० ग्रॅम ९०० हून अधिक वेळा मोडले, पुन्हा जोडले.

रेणूंच्या संख्येत सांगायचं तर ११ वर २५ शून्यं. या आकड्याला हात घालायचा एकच मार्ग सापडला. विश्वाचं वय १३.८ अब्ज वर्षं. पहिल्या सेकंदापासून कोणी दर सेकंदाला २५ कोटी या वेगाने, एक क्षणही न थांबता मोजत बसलं असतं, तर माझ्या एका रविवारचे एटीपी रेणू आज कुठे मोजून संपले असते.

हे जोडकाम करणारं यंत्रही फिरणारंच आहे. पेशीतला हा रोटर मिलिमीटरच्या एक लाखाव्या भागाएवढा असतो. एका फेरीत तो तीन एटीपी जोडतो आणि सेकंदाला शंभराच्या वर फेऱ्या मारू शकतो. तो कसा चालतो हे उलगडल्याबद्दल पॉल बॉयर आणि जॉन वॉकर यांना १९९७ मध्ये रसायनशास्त्राच्या नोबेलचा वाटा मिळाला. त्याच वर्षी जपानी संशोधकांनी तो फिरताना सूक्ष्मदर्शकाखाली दाखवला. मी माझ्या सायकलच्या ४३,००० फेऱ्या मोजत होतो, तेव्हा आत न दिसणारी चाकं फिरत होती. ती पहिल्या क्रमांकाच्या माणसात फिरतात तशीच शेवटच्यातही.

छत्तीसाला एक

साडेसात तासांच्या मागे तीस आठवडे होते. आठवड्याला नऊ तास धरले तर २७० तास. शर्यतीच्या एका तासामागे सरावाचे छत्तीस.

सायकल झाली ३,२४० किलोमीटर. भारताची उत्तर-दक्षिण लांबी ३,२१४ किलोमीटर. म्हणजे देश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. धावणं झालं ७२० किलोमीटर, शाळेच्या भूगोलात पाठ केलेली महाराष्ट्राच्या किनाऱ्याची लांबी. पोहणं झालं ९० किलोमीटर. त्यातलं काही राजाराम तलावाच्या उघड्या पाण्यात, पण बरंचसं २५ मीटरच्या जलतरण तलावात. तेवढं सगळं तिथे मोजायचं तर ३,६०० वेळा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. पहाटे साडेचारचा गजर आठवड्यातून सहा वेळा, एकूण १८० पहाटा. प्रत्येक पहाटे घरात दुसरं कोणीतरी जागं होत होतं. दुपारचा डबा, मुलीची शाळा, रविवारची रिकामी खुर्ची, यांचा रकाना पानावर नाही. तो पाडला असता तर माझ्या बायकोच्या नावे पाडावा लागला असता.

या खेळात इतरांचे आकडेही असेच विचार करायला लावतात. अभिनेता मिलिंद सोमण २०१५ मध्ये झुरिकला २२६ किलोमीटरची शर्यत ४९ व्या वर्षी १५ तास १९ मिनिटांत पूर्ण करून आला. जपानचे हिरोमु इनादा यांनी २०१८ मध्ये हवाईतली जागतिक स्पर्धा ८५ व्या वर्षी पुरी केली, १७ तासांच्या मुदतीला जेमतेम सहा मिनिटं उरली असताना. आणि १९८२ मध्ये त्याच हवाईत ज्युली मॉस नावाची विद्यार्थिनी महिलांत आघाडीवर असताना कोसळली. ११ तास झगडल्यावर शेवटचे काही मीटर ती रांगत गेली आणि २९ सेकंदांनी दुसरी आली. तेव्हाची विजेती बहुतेकांना आठवत नाही. रांगणारी ज्युली आठवते.

काटा

पान भरलं. दोन्ही रकाने शेजारी ठेवले. पोहण्यात हात माझे २,२८०, पुढच्याचे १,७३०. सायकल आणि धावणं मिळून पायांचे रेटे माझे ५८,३५०, त्याचे ४३,८००. ठोके माझे ६५,२५०, त्याचे ४५,६००. त्याचा प्रत्येक क्षण माझ्यापेक्षा जड असतो, त्याच्या एका रेट्यात माझ्या रेट्याहून खूप जास्त ताकद असते, आणि ती ताकद त्याने वर्षानुवर्षं कमावलेली असते. त्याच्या कौशल्याला नमस्कारच. पण मोजणीच्या रकान्यात तो माझ्या मागे होता. जो जितका उशिरा येतो, त्याच्या शरीराने तितकं जास्त मोजलेलं असतं. निकालाच्या यादीत खाली जावं तसे शरीराचे आकडे वाढत जातात.

आप्पांनी पान दोनदा वाचलं. मग विचारलं, "तुझ्या मागं कुणी हुतं?"

होतं. मी अंतिम रेषेजवळ बसून पाणी पीत होतो. मुदत साडेआठ तासांची. ८ तास २१ मिनिटांनी एक बाई आली, पन्नाशी ओलांडलेली. शेवटचे कितीतरी किलोमीटर ती चालत असावी, कारण ओळखीच्या प्रत्येकाला ती रस्त्यात चालतानाच दिसली होती. चालताना पाऊल ७० सेंटीमीटर पडतं, २१.१ किलोमीटरला तीस हजारांच्या वर पावलं. माझ्याच गतीचे ठोके धरले तरी तिचे ७२,६०० होतात. ती आली तेव्हा तंबूतली खुर्च्यांची आवराआवर थांबली. पाण्याच्या टेबलावर पहाटेपासून उभी असलेली मुलं रस्त्यात येऊन टाळ्या वाजवत होती. तिने रेषा ओलांडली, घड्याळाकडे पाहिलंही नाही, आणि सरळ खाली बसली.

मी हे आकडे पानाच्या तळाशी लिहिले. आप्पांनी वही आपल्याकडे ओढली. साखर कारखान्याच्या काट्यावर जन्मभर ऊस घातलेला माणूस. त्यांनी बोट वरून खाली फिरवत आणलं, पुढच्याच्या ४५,६०० वरून माझ्या ६५,२५० वर, तिथून तिच्या ७२,६०० वर, आणि तिथेच टेकवलं.

"मग काट्यावर सगळ्यांत जास्त हिचं भरलं म्हण की," ते म्हणाले. मग ऊसबिलाच्या पावत्या जिथे ठेवतात त्या पत्र्याच्या पेटीत त्यांनी ते पान घडी घालून ठेवलं.